पावणेसहाची लाईन

समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की आमच्या सिनियरांना घाम फुटायचा. हेच गृहस्थ कानाला हेडसेट लावला की असे काही बोलायचे, की पलीकडचा माणूस आपला कॉल अजून लागलेला नाही हे विसरून त्यांच्याशीच गप्पा मारत बसायचा. मला हे कळायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी समजत होते, की या माणसाला आपलं इथं येणं मुळीच आवडलेलं नाही.

मी नगरची, तोफखाना भागात वाढलेली. एकविसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिली नेमणूक झाली राहात्याला. तेव्हाचं राहात्याचं एक्स्चेंज म्हणजे काय, पेठेच्या मागच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बोर्ड. गावात ज्याच्याकडे फोन असेल त्याने हँडल फिरवलं, की बोर्डावरचं त्याच्या नंबराचं शटर टपकन पडायचं. आपण तिथं कॉर्ड खुपसायची आणि विचारायचं, "नंबर?" बाहेरगावचा कॉल असला तर नगरला सांगायचं आणि वाट बघायची. कामातलं निम्मं काम म्हणजे वाट बघणंच. मागच्या खोलीत सिनियर राहायचे. त्याला खात्याची परवानगी होती की नव्हती, देव जाणे. लग्न केलेलं नव्हतं. भाऊबंद असतील कुठेतरी, पण मी असेपर्यंत त्यांच्या नावानं एक पोस्टकार्ड आलेलं पाहिलं नाही.

नाव सांगत नाही, कारण ते गावातही कोणाला ठाऊक नव्हतं. लोक "टेलिफोन अण्णा" म्हणायचे, मी "सिनियर" म्हणायची, आणि लाईनवर ते स्वतःला "राहाता" म्हणायचे. तो नियमच होता. ऑपरेटरने लाईनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही, दुसऱ्याचं विचारायचं नाही, गावाच्या नावानं बोलायचं. "नगर, राहाता बोलतोय." "बोला, राहाता." बाकीचे सगळे हा नियम साहेब जवळ असला तरच पाळायचे. मी तर आठ दिवसांत कोपरगावच्या मुलीचं नाव, तिचं माहेर, तिच्या नणंदेचा स्वभाव, सगळं काढून मोकळी झाले होते. सिनियरांनी मात्र नोकरीत लागल्यापासून एकाही ऑपरेटरला नाव विचारलं नव्हतं.

ट्रंक कॉलचा, म्हणजे बाहेरगावच्या कॉलचा, हिशेब तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की आपण मध्ये बोलून "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणायचं. सिनियरांनी हे आयुष्यालाही लावलं होतं. कोणी समोरासमोर बोलायला लागलं की ते आधी जमिनीकडे बघायचे, मग घड्याळाकडे, आणि तीन मिनिटं झाली की "थ्री मिनिट्स ओव्हर" असं पुटपुटून खरोखर उठून जायचे. खानावळवाल्या मावशी एकदा फारच चिडल्या होत्या. त्यांच्या लेकीच्या सोयरिकीचं सांगत होत्या आणि हे ताट तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्या एक्स्चेंजच्या दारात येऊन म्हणाल्या, "अण्णा, तुमी मान्सालाबी ट्रंक कॉल समजता का वं? म्या काय तुमाला बिल मागत हुते?" सिनियर बोर्डाकडे तोंड करून बसून राहिले. त्या गेल्यावर मला म्हणाले, "बाई, चुकलंच. पण मला पुढं काय बोलायचं ते सुचत नाही हो. लाईनवर असतं तर सुचलं असतं."

त्यांना इंग्रजी बेताचं येत होतं. पण एक शब्द त्यांनी धरून ठेवला होता, तो म्हणजे लाईन. "अख्खी भाषा शिकायला जन्म पुरत नाही, बाई," असं ते सांगायचे. "एक शब्द घ्यावा आणि तो तरी पुरता संपवावा." त्यासाठी त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती, पाठीला लाल कापड लावलेली. लाईन हा शब्द कोणी, कुठं, कशासाठी वापरला ते एका एका ओळीत लिहिलेलं. शेजारी पुठ्ठा गेलेली एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी. वहीतला अर्थ डिक्शनरीत सापडला की पुढं बारीक खूण करायचे. सापडला नाही तर त्यांना जास्त आनंद व्हायचा. "हा आपला," म्हणायचे. "इंग्रज साहेबाला ठाऊकच नाही."

आणि साहेबाला ठाऊक नसलेलं काय कमी होतं? वीज गेली की गाव म्हणायचं, लाईन गेली. मुलगा कामधंदा करू लागला की तो लाईनीला लागला. व्यापारी मला विचारायचे, "बाई, तुमचे वडील कुठल्या लाईनला?" सोयरीक जुळण्यातली अडचण सुटली की लाईन क्लिअर. गवंडी पाया आखायला जी दोरी ताणतात ती लाईनदोरी. पोलीस राहतात ती लाईन, रेशनच्या दुकानापुढं लागते ती लाईन, पाण्याच्या नळाची लाईन, एस.टी. ज्या गावाला जाते ती त्या गावची लाईन. आपण हे रोज बोलतो आणि आपल्याला कधी काही वाटत नाही. सिनियरांना वाटायचं. कॉल जोडता जोडता मध्येच थांबून ते म्हणायचे, "अहो, काय म्हणालात? पुन्हा म्हणा." आणि पलीकडचा बिचारा घाबरायचा की आपण काही वाईट बोललो का.

एक किस्सा तर माझ्यावरूनच घडला. एक्स्चेंजमध्ये बाई आली आहे ही बातमी पसरल्यावर गावातली दोन टगी पोरं रोज संध्याकाळी समोरच्या पानपट्टीवर उभी राहू लागली. मी दुर्लक्ष केलं. मग खानावळवाल्या मावशींनीच सिनियरांना सांगितलं, की ती पोरं तुमच्या बाईवर लाईन मारत्यात, जरा बघा. मला वाटलं, आता हे काय बघणार, यांना स्वतःच्या सावलीशी बोलायचा संकोच. पण ते उठले, वही आणि पेन्सिल घेतली आणि सरळ रस्ता ओलांडून गेले. मी दारातून बघत होते. त्यातल्या उंच पोरासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "लाईन मारणे म्हणजे आपण नक्की काय करता? सविस्तर सांगा. मला लिहून घ्यायचंय." पोरगं म्हणालं, "न्हाई वो अण्णा, आमी पान खायला आलोय." हे म्हणाले, "पान नंतर खा. मारणे म्हणजे काय मारता? लांबून मारता की जवळून?" पानवाला पोट धरून हसत होता. पोरं त्यानंतर तिथं फिरकली नाहीत. सिनियर मात्र खट्टू झाले, कारण माहिती अपुरी राहिली. हा प्रसंग म्हणे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नगरला सांगितला आणि नगर इतके हसले, की लाईनवर खरखर झाली.

हे "नगर" कोण, ते आता सांगते.

रोज सकाळी पावणेसहाला, कॉल सुरू व्हायच्या आधी, नगरहून सगळ्या लाईनी तपासल्या जायच्या. नगरचा माणूस एकेका गावाला बोलवायचा, आवाज नीट येतो का बघायचा, आणि पुढच्या गावाला जायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. राहात्याला मात्र पंधरा मिनिटं लागायची. माझी सकाळची पाळी लागली तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. दारातूनच सिनियरांचं हसू ऐकू आलं. दोन आठवड्यांत मी या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं. मी दुसरा हेडसेट कानाला लावला. त्यांनी नको म्हटलं नाही.

"राहाता, लाईन कशी आहे?" जाड, संथ आवाज. तोंडात सुपारी असावी.

"स्वच्छ आहे, नगर. तुमची?"

"थोडी खरखर. बोला, आज काय आणलंत?"

मग खेळ सुरू व्हायचा. दोघांनी एकेक वाक्य सांगायचं, त्यात लाईन हा शब्द पाहिजे, आणि ते कोणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं पाहिजे. घरी बसून रचलेलं चालायचं नाही. अर्थ जुना असला तरी चालेल, वाक्य नवं पाहिजे. ज्याच्याकडे वाक्य नसेल त्याने दुसऱ्या दिवशी दोन आणायची. वहीत डाव्या पानावर नगर, उजव्या पानावर राहाता. हे नऊ वर्षं चाललं होतं. सुरुवात म्हणे अशी झाली, की नगरने पहिल्या दिवशी "लाईन कशी आहे?" विचारलं आणि आमच्या सिनियरांनी अगदी गंभीरपणे "कोणती?" असं विचारलं.

नऊ वर्षांत एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. नाव ठाऊक नव्हतं. नगर काळा की गोरा, घर कुठं, मुलंबाळं किती, काही नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "सिनियर, एस.टी.नं अडीच-तीन तासांचा रस्ता. एकदा जाऊन भेटा की."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचे एवढे दोस्त आहेत."

ते बराच वेळ कॉर्ड पुसत बसले. मग म्हणाले, "भेटलो तर मला बोलता यायचं नाही, बाई. त्यांना वाटेल, राहाता म्हणजे हा? आहे ते चांगलं चाललंय." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी विषय सोडला.

मग दुष्काळ पडला. वाक्यं बदलली. टँकरची लाईन, रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीची लाईन, खडी फोडायच्या कामावर हजेरीला उभ्या राहिलेल्या बायांची लाईन. एकदा सिनियरांनी गावातल्या एका म्हातारीचं वाक्य सांगितलं. टँकर यायला चार तास होते, तिनं घागर लाईनीत ठेवली आणि स्वतः लिंबाखाली जाऊन बसली. कोणीतरी हटकल्यावर म्हणाली, "माजी घागर लाईनीत हाय, मी न्हाई. घागरीशी भांड." नगर हसले. पण त्या दिवशी नगरने स्वतःचं वाक्य सांगितलं नाही, उद्या दोन देतो म्हणाले.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी शटर पडलं. सिनियरांनी कॉर्ड लावली. "बोला नगर, लाईन कशी आहे?"

"ओके राहाता. टेस्ट ओव्हर." तरुण, घाईतला आवाज. खट्कन बंद.

सिनियर म्हणाले, रजेवर असतील. दुसऱ्या दिवशी तोच आवाज, तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशी त्यांनी धीर करून विचारलं, "ते रोजचे कुठे आहेत?"

"कोण रोजचे? नाव सांगा."

सिनियर माझ्याकडे बघायला लागले. नाव कुठून आणणार? मी मध्ये तोंड घातलं, "अहो, जाड आवाजाचे, सुपारी खातात ते."

"बाई, इथं निम्मं ऑफिस सुपारी खातं. मी पुण्याहून आलोय चार दिवसांपूर्वी, मला काय माहीत?" टेस्ट ओव्हर.

मी म्हटलं, नगरच्या सुपरवायझरला विचारू. सिनियरांनी माझा हात धरून कॉर्ड काढायला लावली. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी मला कधी स्पर्श केलेला नाही. "वरिष्ठांना कळलं की नऊ वर्षं आम्ही टेस्टिंगच्या वेळी गप्पा मारत होतो, तर नगरला मेमो मिळेल," म्हणाले. "पेन्शन जवळ आलेली असेल, नसेल, काय ठाऊक. आपल्यामुळं नको." म्हणजे बघा, नियम पाळून पाळून या माणसानं आपला एकुलता एक दोस्त असा हरवला, की कोणाला त्याचा पत्ता विचारायची सोय राहिली नाही.

ते वाक्य मात्र रोज लिहीत राहिले. उजवं पान भरायचं, डावं कोरं. असे दोन महिने गेले. खानावळीत जाणं कमी झालं. मावशी मला वाटेत अडवून म्हणाल्या, "अण्णा लई खंगलं गं. आजारी हाय का? इचार तरी." मी विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मग एका सकाळी मी आले तर टेस्टिंग झालेलं, आणि ते हेडसेट कानाला तसाच ठेवून बसलेले. लाईन केव्हाच बंद झाली होती. वही उघडी होती, दोन्ही पानं कोरी. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू. पण मी रडण्याऐवजी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, "येत्या रविवारी मी नगरला घरी चाललेय. तुम्ही माझ्याबरोबर येताय. रात्रपाळीवाल्याला मी सांगते, तो दिवसभर बसेल."

"रजा—"

"नऊ वर्षांत एक सुट्टी घेतली नाहीत. रजेचं नाव काढू नका."

रविवारी ते पांढरा स्वच्छ सदरा घालून स्टँडवर आले. काखोटीला पिशवी, तिच्यात वही आणि शिर्डीच्या पेढ्यांचा पुडा. एस.टी.त खिडकीशी बसून ते ओठ हलवत होते. भेटल्यावर काय बोलायचं ते पाठ करत असावेत. नगरला उतरलो आणि थेट ऑफिसच्या गेटवर गेलो. वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

सिनियर पटकन म्हणाले, "नगरला."

"बाबा, नगरातच उभे आहात की." वॉचमन माझ्याकडे बघून डोळे मिचकावू लागला. मी सिनियरांना तिथून ओढलं. गेटवर चौकशी केली तर बोभाटा व्हायचा. समोर चहाची टपरी होती. ऑफिसातली माणसं चहा कुठं पिणार? मी टपरीवाल्याला म्हटलं, "दादा, पहाटे ड्यूटीला येणारे, जाड आवाजाचे, सुपारी खाणारे एक गृहस्थ होते बघा."

"टेस्टिंगचे का?" तो लगेच म्हणाला. "त्यांना अर्धांग झालंय, ताई. अडीच महिने होत आले. दिल्ली दरवाज्याजवळ ऱ्हात्यात." त्याने गल्ली सांगितली, नावही सांगितलं. सिनियरांनी नाव ऐकलं आणि मान हलवली, पण मला वाटतं, ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. वाटेत ते नगरच म्हणत होते. "नगरला अर्धांग झालं, बाई."

तळमजल्यावरची एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. एका बाईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या, किडकिडीत, हात साबणाचे. मी म्हटलं, "काकू, आम्ही राहात्याच्या एक्स्चेंजमधून आलोय, काकांना बघायला." त्यांनी पदराला हात पुसले आणि आत घेतलं. खाटेवर गृहस्थ पडलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पोटावर निर्जीव. डोळे उघडे होते, पण ते छताकडे बघत होते. आम्ही आलो तरी हलले नाहीत.

सिनियर उंबऱ्याशी थिजले. कपाळावर घामाचे थेंब. मी कोपरानं ढोसलं, एकदा, दोनदा. काही नाही. काकू ओशाळून म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नाही हो. माणूसही ओळखतात की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत." शेवटी सिनियरांनी डोळे घट्ट मिटले आणि डाव्या कानावर तळहात ठेवला. मग ते बोलले. "नगर, राहाता बोलतोय."

खाटेवरच्या माणसाचा डावा हात वर आला. असा वर आला, की काकू दचकून मागं सरल्या. घशातून एक आवाज निघाला, जाड आणि फुटलेला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सिनियर डोळे मिटूनच पुढं गेले, चाचपडत खाटेशी बसले आणि तो हात त्यांनी धरला. काकू म्हणाल्या, "हात वर केला यांनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. खाली बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही कोण, मला ठाऊक नाही हो. राहात्याचं यांनी कधी काही सांगितलं नाही. तसं कशाचंच नाही. घरी बोलायचेच नाहीत. भाजीत मीठ नाही एवढंसुद्धा कधी म्हणाले नाहीत. ड्यूटीवरून यायचं, जेवायचं, झोपायचं. मी म्हणायची, असेल एकेकाचा स्वभाव मुका."

"मुका?" सिनियरांनी डोळे उघडले. "नगर मुके?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. वहीवर नजर ठेवली की त्यांना बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. डावी पानं वाचू लागले. कापडबाजारातल्या शेटजींचं वाक्य, कोर्टातल्या पट्टेवाल्याचं, तालमीतल्या वस्तादाचं. नगर ते कसे सांगायचे, कुठं थांबायचे, कधी स्वतःच आधी हसायचे, तेही करून दाखवत होते. काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मध्येच खाटेकडे बघायच्या, हेच का ते, अशा नजरेनं. वाचता वाचता एक वाक्य आलं. "दोरीला लाईन कशाला म्हणायचं? दोरी ती दोरी. तुमचे पायजमे काही इंग्रजीत वाळत नाहीत."

काकूंनी कप खाली ठेवला. "हे मी म्हणाले होते."

सिनियरांनी त्या ओळीवर बोट ठेवून मान वर केली.

"शेजारीण सारखी म्हणायची, लाईनवर कपडे टाका. तेव्हा मी म्हणाले होते. हे पेपर वाचत होते." त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, यांना माझं ऐकूच येत नाही." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी खालमानेनं विचारलं, "भाऊजी, माझ्याबद्दल कधी बोलायचे का हो?"

"रोज," सिनियर म्हणाले.

"रोज?"

"रोज. टेस्टिंग झालं की आधी तुमचा विषय, मग बाकीचं."

"काय म्हणायचे?"

"पुष्कळ आहे, वहिनी. नऊ वर्षांचं आहे. एका दिवसात कसं सांगू? पुढच्या रविवारी येतो, थोडं थोडं सांगेन." काकू उठल्या आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर उगाच नीट केली. चांगली होती, तरी पुन्हा केली. नगरांनी डोळे मिटून घेतले होते.

तिथून आम्ही आमच्या घरी जेवायला गेलो. आईनं वाढलं. वडील जेवून उठले आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. दुपारच्या गाडीला स्टँडवर आलो तेव्हा मी विचारलं, "सिनियर, काय म्हणायचे हो नगर काकूंबद्दल? मी तर कधी ऐकलं नाही."

"बाई, त्यांचं लग्न झालंय हेच मला आज कळलं."

ज्या माणसानं नऊ वर्षांत वहीत एक वाक्य रचून लिहिलं नव्हतं, तो हे शांतपणे सांगत होता. "ती बाई दारात काही मागायला उभी राहिल्यासारखी विचारत होती हो," ते म्हणाले. "नाही कसं म्हणू? आता रविवारपर्यंत काहीतरी तयार केलं पाहिजे."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, नगर जाईपर्यंत, ते दर रविवारी गेले. माझी बदली झाल्यावरही गेले, हे मला मावशींकडून कळत राहिलं. काय काय सांगितलं असेल, कुठून आणलं असेल, मला माहीत नाही. त्या पहिल्या रविवारची परतीची गाडी तेवढी मला माहीत आहे.

विळदचा घाट उतरला तसे सिनियरांनी वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मला या बाबतीत अनुभव नाही. तुमचं घर संसारी. नवरा बायकोबद्दल चांगलं काय बोलतो, ते मला सांगा. फार नको. तुमचे वडील आईबद्दल काय म्हणतात, तेवढं एक वाक्य द्या. मी लिहून घेतो."

"सांगते की," मी म्हटलं. त्यात काय अवघड आहे? मी आठवू लागले. आईच्या हातची पुरणपोळी, तिची दुखणी, आम्हा चौघांची बाळंतपणं, वडिलांच्या आईचं तिनं केलेलं सगळं. राहुरी आली, गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. सिनियर पेन्सिल धरून वाट बघत होते आणि मला एक वाक्य आठवेना.